गिटारवाल्याला थिअरी लागते का? गावाकडच्या वादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात गिटार शिकवतो. वर्ग घराच्या ओसरीतच भरतो. पेरणीच्या आणि सोयाबीन सोंगायच्या दिवसांत पोरं कमी येतात, दिवाळीनंतर ओसरी पुन्हा भरते. शाळकरी मुलं-मुली आहेत, भजनी मंडळात बसणारे आहेत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवू पाहणारेही आहेत. पण पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, गिटार वाजवाले थिअरी लागतेच का?" त्या प्रश्नाची आणि त्याच्या मागून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

थिअरी न शिकता गिटार वाजवता येते का?

येते. पहिले तीन महिने तर थिअरीचं नावही काढू नका. बोटांना तारेची सवय होऊ द्या, जी, सी, डी, ई मायनर हे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) स्वच्छ वाजू द्या, दोन गाणी अखंड म्हणता-वाजवता येऊ द्या. ज्याची बोटं अजून दुखताहेत त्याला मी स्वरांची अंतरं समजावत नाही. त्याचं लक्ष बोटांकडेच असतं आणि तिथेच असायला हवं.

अडचण येते ती दुसऱ्याबरोबर वाजवताना. एकट्याने घरी वाजवता तेव्हा पट्टी तुमची, लय तुमची, चुकलं तर थांबायची मुभाही तुमचीच. गाणारा समोर आला की पट्टी त्याची आणि लय तबल्याची. सातबारा वाचता येत नाही असा शेतकरीही चांगलं पीक काढतो, पण वाटणीच्या दिवशी त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागतं. थिअरीचं तसंच आहे.

थिअरी म्हणजे पाच रेघांवरचे ते काळे ठिपकेच ना?

नाही, आणि निम्मी भीती याच गैरसमजातून येते. ते ठिपके म्हणजे स्टाफ नोटेशन, संगीत लिहायची एक लिपी. थिअरी म्हणजे सुरांचा आपसातला हिशेब. सा पासून प किती दूर, कोणते तीन सूर एकत्र वाजले की गोड लागतात, आठ मात्रांत जोर कुठे येतो, हा तो हिशेब. लिपी न येणारा माणूस भाषा उत्तम बोलू शकतो. आपल्या भजनी मंडळांतले कित्येक जुने गायक नोटेशनचा कागद न बघता गायले, पण पट्टी अर्धा सूर चढली तर डोळे मिटलेल्या अवस्थेत सांगायचे.

जिमी हेंड्रिक्सला थिअरी येत नव्हती म्हणतात. मग मला कायले?

अमेरिकन रॉक गिटारवादक हेंड्रिक्सला (1942–1970) नोटेशन वाचता येत नव्हतं, हे खरं. जॅझमधले थोर गिटारवादक वेस माँटगोमेरी (1923–1968) यांनाही येत नव्हतं. जँगो राइनहार्ट (1910–1953) यांचं तर 1928 साली आगीत भाजून डाव्या हाताच्या दोन बोटांचं बळ गेलं. उरलेल्या दोन बोटांवर त्यांनी सगळी सोलो वाजवली, आणि नोटेशन त्यांनाही वाचता येत नव्हतं.

पण ही नावं घेणारे पुढचं सांगत नाहीत. माँटगोमेरींनी चार्ली ख्रिश्चन या वादकाची सोलो रेकॉर्डवरून ऐकून, एकेक सूर शोधून, जशीच्या तशी बसवली होती. कोणत्या कॉर्डवर कोणता सूर उभा राहतो, हे त्यांच्या कानाला आणि बोटांना पक्कं ठाऊक होतं. ती थिअरीच झाली, फक्त कागदावर उतरलेली नव्हती. तुम्ही रोज तासन्‌तास ऐकून एकेक सूर शोधणार असाल, तर तुम्हालाही कागद लागणार नाही. शेतातून येऊन, गुरांचं करून रात्री अर्धा तास हाती लागत असेल, तर थिअरीने त्यांच्यापेक्षा तुमचा वेळ जास्त वाचेल.

तुम्हाला स्वतःला थिअरीची गरज कधी वाटली?

पाच-सहा वर्षं वाजवून झाल्यावर. शेजारच्या गावात भागवत सप्ताह होता, रात्रीच्या भजनाला कोणीतरी कौतुकाने मला गिटार घेऊन बसवलं. पेटीवाले काका म्हणाले, "काळी चार." म्हणजे सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. मला तेव्हा हेच माहीत नव्हतं. जी कॉर्ड जवळचा वाटला म्हणून त्यावर सुरुवात केली. पेटी काळी चारवर, मी तिच्या बरोबर अर्धा सूर खाली. दुसऱ्याच ओळीला गाणाऱ्या बुवांनी डोळे न उघडता हात लांब केला आणि माझ्या तारांवर अलगद ठेवला. पुढचा तासभर मी गिटार मांडीवर आडवी ठेवून टाळ वाजवले.

भजन संपल्यावर काकांनी मला पेटीजवळ बोलावलं. म्हणाले, "तुझी वरची जाड तार छेड." मी छेडली. त्यांनी पांढरी तीन दाबली. दोन्ही सूर एकमेकांत मिसळून गेले. "आता एक घर पुढं." मी पहिला फ्रेट दाबला, त्यांनी पांढरी चार. "अजून एक." दुसरा फ्रेट, काळी तीन. असं करत बाराव्या फ्रेटवर पोचलो, तर पुन्हा पांढरी तीन, वरच्या सप्तकातली. मांडव सोडायचं काम चाललं होतं, कोणी सतरंज्या गोळा करत होतं, आणि मी त्या एका तारेवर पुन्हा पुन्हा मोजत बसलो होतो. तोवर गिटारचे फ्रेट मला आकार पाठ करायच्या जागा वाटत होत्या. त्या रात्री कळलं की प्रत्येक तार म्हणजे आडवी ठेवलेली पेटी आहे.

माझी थिअरी तिथून सुरू झाली. शिकवतानाही मी तिथूनच सुरुवात करतो.

पेटीची पट्टी गिटारवर कशी शोधायची?

पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशा बारा पट्ट्या असतात. गिटारवरही बारा फ्रेट झाले की सप्तक पूर्ण. म्हणजे एक फ्रेट म्हणजे एक पट्टी, काळीसुद्धा धरून.

सर्वांत जाड तार मोकळी वाजली की पांढरी 3, इंग्रजी नावात ई. तिथून पहिल्या फ्रेटवर पांढरी 4 (एफ), दुसऱ्यावर काळी 3, तिसऱ्यावर पांढरी 5 (जी), चौथ्यावर काळी 4, पाचव्यावर पांढरी 6 (ए), सहाव्यावर काळी 5, सातव्यावर पांढरी 7 (बी), आठव्यावर पांढरी 1 (सी), नवव्यावर काळी 1, दहाव्यावर पांढरी 2 (डी), अकराव्यावर काळी 2, आणि बाराव्यावर परत पांढरी 3.

एवढी एक तार आधी पाठ करा. तिच्या लगेच खालची तार (तारा बारीक तारेपासून मोजतात, म्हणून ही पाचवी) मोकळी वाजली की पांढरी 6, तिच्यावर तसंच मोजत जा. या दोन तारांवर बहुतेक सगळ्या बार कॉर्डचा (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायच्या कॉर्डचा) मूळ सूर सापडतो, म्हणून आधी या दोनच. बाकीच्या चार तारा हळूहळू येतात. सरळ क्रमाने त्या पांढरी 2, पांढरी 5, पांढरी 7 आणि पुन्हा पांढरी 3.

फ्रेट दाबताना पट्टीचं नाव तोंडाने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं आठवड्याभरात पुसून जातं.

कॅपो घेतला की ही सगळी मोजदाद वाचते ना?

कॅपो म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. दोन-चारशे रुपयांत मिळतो, नक्की घ्या. आपल्याकडच्या गायनाला त्याच्यासारखा सोबती नाही. पण तो कितव्या फ्रेटवर लावायचा हे मोजल्याशिवाय कळत नाही.

गाणारा म्हणाला "काळी 1", तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी चे आकार, किंवा चौथ्या फ्रेटवर कॅपो आणि ए चे आकार. "काळी 2" ला पहिल्यावर कॅपो आणि डी, नाहीतर तिसऱ्यावर कॅपो आणि सी. "पांढरी 4" ला पहिल्यावर ई, तिसऱ्यावर डी. बायकांच्या भजनात काळी 4, काळी 5 बऱ्याचदा येते. काळी 4 ला पहिल्यावर जी, काळी 5 ला तिसऱ्यावर जी. हिशेब प्रत्येक वेळी एकच: आकाराच्या मूळ सुरापासून हवी ती पट्टी किती घरं पुढे आहे, तेवढ्याव्या फ्रेटवर कॅपो.

गाणारे कधी कधी दुसऱ्या अभंगाला पट्टी बदलतात. तेव्हा हे बोटांवर मोजायला वेळ नसतो. म्हणून चार-पाच नेहमीच्या पट्ट्या आधीच तोंडपाठ ठेवा.

मेजर आणि मायनर यांत नेमका फरक काय?

एका सुराचा. मेजर कॉर्ड म्हणजे सा, शुद्ध ग, प. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. बस.

आत्ता गिटार हातात असेल तर करून बघा. सी मेजर धरा आणि पाचव्या तारेपासून एकेक तार सुटी छेडा: सा, ग, प, सा, ग. पाच तारा वाजल्या, पण सूर तीनच आहेत. आता ई मेजर धरा, वाजवा आणि फक्त पहिलं बोट तिसऱ्या तारेवरून उचला. ई मायनर झाला. त्या बोटाखाली शुद्ध ग होता, उचलल्यावर मोकळी तार कोमल ग झाली. ए वरून ए मायनरला जाताना दुसऱ्या तारेवरचं बोट एक फ्रेट मागे येतं, तिथेही तेच घडतं. हे एकदा कानाने ऐकलं की कॉर्डची पुस्तकं निम्मी हलकी होतात. कारण कोणताही मेजर मायनर करायचा असेल तर ग कुठल्या तारेवर आहे तेवढं शोधायचं.

घरांत मोजायचं तर सा पासून शुद्ध ग चार घरं, कोमल ग तीन घरं आणि प सात घरं पुढे.

नवीन गाणं ऐकून त्याचे कॉर्ड कसे ओळखायचे?

थिअरी सगळ्यांत जास्त उपयोगी पडते ती इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाण्याचा सा सापडला की तीन कॉर्ड आधी हाताशी घ्या: सा चा, म चा आणि प चा. सी मध्ये ते सी, एफ, जी. जी मध्ये जी, सी, डी. का हेच तीन? सा च्या कॉर्डमध्ये सा, ग, प आहेत. म च्या कॉर्डमध्ये म, ध, सा. प च्या कॉर्डमध्ये प, नी, रे. तिन्ही मिळून सातही सूर आले. शुद्ध सुरांतली चाल असेल तर गाणारा कुठल्याही सुरावर थांबला तरी तो सूर या तिघांपैकी एकात असतोच. ओळ ध वर थांबली तर म चा कॉर्ड लावून बघा. रे वर थांबली तर प चा. सा आणि प दोन-दोन कॉर्डमध्ये आहेत, तिथे कान जे सांगेल ते.

मग त्यांचे मायनर सोबती येतात: ध मायनर, रे मायनर, ग मायनर. सी मध्ये ते ए मायनर, डी मायनर, ई मायनर. सा च्या जागी ध मायनर लावला की तीच ओळ जरा उदास होते, कारण तीनपैकी दोन सूर (सा आणि ग) तेच राहतात आणि फक्त प च्या जागी ध येतो.

अमेरिकेत नॅशव्हिलचे स्टुडिओवादक कॉर्डची नावं न लिहिता 1, 4, 5 असे आकडे लिहितात. गायकाने पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही. आपल्याकडे त्या आकड्यांना आधीपासून नावं आहेत, सा, म, प. वहीत तीच लिहा. "जी, सी, डी" असं लिहिलेलं गाणं एका पट्टीचं असतं. "सा, म, प" लिहिलेलं बाराही पट्ट्यांत चालतं.

भैरवीत आणि यमनमध्ये कॉर्ड बेसूर का लागतात?

कारण आपण सवयीने सा-म-प चे मेजर कॉर्ड लावतो आणि रागाला त्यातला एखादा सूर चालत नाही.

सा पांढरी 6 वर धरून भैरवी गायची म्हणा. वादक ए मायनर लावतो, ते बरोबर. मग प चा कॉर्ड म्हणून ई मेजर लावतो. त्या ई मेजरमध्ये प आहे, शुद्ध नी आहे आणि शुद्ध रे आहे. भैरवीला हवेत कोमल नी आणि कोमल रे. गाणारा कोमल रे वर थांबला की दोन शेजारचे सूर एकमेकांवर घासतात, आणि ते दाराबाहेर बसलेल्यालाही कळतं. त्याऐवजी जी मायनर घ्या. त्यात कोमल नी, कोमल रे आणि म आहे. किंवा बी फ्लॅट मेजर, त्यात कोमल रे, म आणि कोमल ध. भैरवीत गायक मोकळेपणाने बाराही सूर फिरवतात, म्हणून हे शंभर टक्के सूत्र समजू नका. पण सुरुवातीला एवढ्यावर पुष्कळ निभावतं.

यमनमध्ये उलट अडचण आहे. तिथे म तीव्र असतो, म्हणून म चा कॉर्ड लागत नाही. सा पांढरी 1 असेल तर एफ सोडा आणि रे चा मेजर, म्हणजे डी, लावा. त्यातला मधला सूर नेमका तीव्र म आहे.

आणि काहीच सुचलं नाही तर फक्त सा आणि प वाजवा, ग मधून काढून टाका. हिंदी व्हिडिओंत याला पॉवर कॉर्ड म्हणतात, आपल्या कानाला तो तानपुरा वाटतो. प असलेल्या कुठल्याही रागात तो आडवा येत नाही. मालकंसात प नाही, तिथे सा आणि म.

हेही सांगायला हवं की राग कॉर्डवर उभा नाही. गिटारचे फ्रेट जागेवर पक्के, मींड घ्यायची (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं) तर तार ओढावी लागते, आणि ओढली की सूर फक्त चढतो. म्हणून ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन स्लाइडने राग वाजवले, आणि विश्वमोहन भट्टांनी गिटारमध्ये बदल करून मोहन वीणा घडवली. भट्टांना 1994 साली ग्रॅमी मिळालं. रागच वाजवायचा असेल तर ती वेगळी वाट आहे, त्यासाठी गुरू शोधा.

मला सरगम आणि थाट येतात. वेस्टर्न थिअरी पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागेल का?

नाही. तुमचं बरंच काम झालेलं आहे, फक्त नावं जोडायची आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी सहा पाश्चात्त्य संगीतातल्या सात मोडमध्येही (स्केलच्या प्रकारांतही) आहेत. बिलावल म्हणजे मेजर स्केल, आसावरी म्हणजे नॅचरल मायनर. काफी म्हणजे डोरियन, खमाज मिक्सोलिडियन, कल्याण लिडियन, भैरवी फ्रिजियन. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी या चारांना त्या सात मोडच्या घरात जागा नाही. भूपाचे पाच सूर म्हणजे गिटारवाल्यांची मेजर पेंटाटॉनिक. व्हिडिओतला मास्तर ते नाव घेऊन फ्रेटबोर्डवर ठिपके दाखवतो तेव्हा तुम्ही सा रे ग प ध म्हणत त्याच्या मागे जा.

पलटे येत असतील तर तेच गिटारवर वाजवा. सारेग, रेगम, गमप. डाव्या हाताला त्याहून चांगला व्यायाम मला सापडलेला नाही.

स्ट्रमिंग (तारांवर हात खाली-वर फिरवणं) ही थिअरी नाही, मग ताल शिकायची काय गरज?

आमच्या भागात गिटारवाला बसतो खंजिरीच्या आणि ढोलकीच्या शेजारी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (1909–1968) भजनांनी खंजिरी घराघरांत पोचवली. त्यांचा आश्रम असलेल्या मोझरीच्या आसपासच्या गावांत शाळकरी पोरंही ती अशी वाजवतात की लयीत एक कण इकडे-तिकडे होत नाही. त्यांच्याजवळ बसून ठोकळेबाज "खाली-खाली-वर" वाजवलं तर उघडं पडतं.

केरवा आठ मात्रांचा: धा गे न ति न क धि न. उजवा हात विषम मात्रेला (1, 3, 5, 7) खाली आणि सम मात्रेला (2, 4, 6, 8) वर, न थांबता हलत ठेवा. आता फक्त 1, 3, 4, 6, 7 आणि 8 या मात्रांना तारेला स्पर्श करा. 2 आणि 5 ला हात हलेल, पण तार वाजणार नाही. हे तेच प्रसिद्ध "डाउन-डाउन-अप-अप-डाउन-अप", जे पोरं व्हिडिओतून महिनाभर पाठ करतात आणि तबल्यासोबत दोन मिनिटांत घसरतात. घसरतात, कारण पाचव्या मात्रेला हात थांबवतात. दादरा सहा मात्रांचा: धा धी ना धा ती ना. तिथे हात तोच, 1 ला जोर आणि 4 ला थोडा हलका.

तोंडाने बोल म्हणत वाजवा. लय चुकणाऱ्या दहा विद्यार्थ्यांना मी हाच एक उपाय सांगतो.

स्टाफ नोटेशन शिकू की टॅब पुरेल?

गावात आणि ऑर्केस्ट्रात टॅब पुरते. सहा रेघा म्हणजे सहा तारा, आकडा म्हणजे फ्रेट. फक्त टॅबमध्ये लय नीट कळत नाही, म्हणून गाणं ऐकलेलं हवं.

मुंबईच्या स्टुडिओत किंवा पाश्चात्त्य वाद्यवृंदात जायचं मनात असेल, तर स्टाफ शिकाच. हिंदी सिनेसंगीताच्या जुन्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते, याचं एक मोठं कारण हेच. चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवलेलं असे. समोर कागद आला की ते लगेच वाजवायला तयार.

ट्यूनर ॲपवर गिटार लावली तरी पेटीशी जुळत नाही. माझं काय चुकतं?

तुमचं काही चुकत नाही. ॲप पांढरी 6 ला 440 हर्ट्झ धरतं. जुन्या पेटीचे सूर वापराने थोडे सरकलेले असतात, आणि पेटी भजनाच्या जागी लावता येत नाही. गिटार लावता येते, म्हणून गिटारनेच पेटीकडे जायचं. पेटीवाल्यांना पांढरी 6 धरून ठेवायला सांगा आणि पाचवी तार तिच्याशी मिळवा. दोन सूर जवळ आले की वां-वां अशी लाट ऐकू येते. ती लाट मंद होत होत थांबली की सूर मिळाला. बाकीच्या तारा त्या तारेवरून लावा: पाचव्या तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी चौथी तार, चौथीचा पाचवा फ्रेट आणि मोकळी तिसरी, तिसरीचा मात्र चौथा फ्रेट आणि मोकळी दुसरी, दुसरीचा पाचवा आणि पहिली. सहावी उरते, तिचा पाचवा फ्रेट मोकळ्या पाचवीशी मिळवा.

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा गिटार टिनाच्या खोलीत किंवा गाडीवर उन्हात ठेवू नका. डिंक सैल पडून ब्रिज उचलला गेला की मग कुठलीच थिअरी ती सुरात आणत नाही.

थिअरीने भावना मरते का?

नाही. मी तरी अजून असा वादक पाहिलेला नाही.

माझं वय 45 आहे. आता डोक्यात शिरेल का?

शिरेल, आणि भजनात बसत असाल तर पोरांपेक्षा लवकर. तुमच्या कानात वीस-तीस वर्षांच्या चाली आहेत. माझ्याकडे येणाऱ्या एका शेतकरी दादांना कॉर्डचे आकार बसायला चार महिने लागले, पण सा-म-प चा हिशेब एका संध्याकाळी बसला. ऐकता ऐकताच म्हणाले, "म्हणजे बुवा अंतऱ्याले जातात तवा म येते." बरोबर तेच.

परीक्षा द्यावी का?

शिस्त लागते, म्हणून द्यायला हरकत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांत शास्त्राचा भाग असतो, राग-तालाचा पाया त्यातून पक्का होतो. गिटारसाठी ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड 1 ते 8 च्या परीक्षा आहेत. त्यांची फी आपल्या माणसाला जड जाते, त्यामुळे नोकरीसाठी किंवा पुढच्या शिक्षणासाठी कागद लागणार असेल तरच त्या वाटेने जा.

झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवायचं आहे. किती थिअरी लागेल?

पूर्व विदर्भातल्या वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांचे प्रयोग दिवाळीनंतर सुरू होतात आणि रात्रभर चालतात. नट आयत्या वेळी पट्टी सांगतो, ऑर्गनवाला लगेच धरतो, तुम्हाला थांबून विचारायला वेळ नाही. बाराही पट्ट्यांत सा-म-प आणि त्यांचे मायनर, कॅपोशिवाय, बार कॉर्डवर. एवढं झालं की जाऊन बघा.

रोज किती वेळ द्यायचा?

अर्धा तास असेल तर थिअरीला पाच मिनिटं. रेंज नसेल तरी चालतं, कारण मोजायला मोबाइल लागत नाही.

कान तयार होतो म्हणजे काय होतं? तो कसा करायचा?

गेल्या भादव्यात वर्गातल्या सातवीच्या मुलीला मी सांगितलं, भुलाबाईचं जे गाणं तू रोज म्हणतेस ते एका तारेवर शोध. तिने पहिली तार घेतली. पहिला सूर तिसऱ्या फ्रेटवर सापडला. पुढचा सूर तोंडाने म्हणायची आणि बोट सरकवून बघायची. जास्त वर गेलं की स्वतःच मान हलवायची. पंधरा मिनिटांत पूर्ण ओळ आली, चार-पाच सुरांतच फिरणारी. मग मी विचारलं, यातला सा कोणता? ती थोडा वेळ गप्प बसली, ओळ पुन्हा म्हटली आणि शेवटच्या सुरावर बोट ठेवलं. "इथं घरी आल्यासारखं वाटते." मी तिला सा ची व्याख्या सांगितलेली नव्हती.

असंच करा. पाळणा, आरती, पोळ्याच्या झडत्यांतली लय, शाळेची प्रार्थना, जे तोंडात आहे ते तारेवर शोधा. आधी म्हणा, मग शोधा. उलट केलं तर बोटं शिकतात, कान शिकत नाही.

अजून गिटार घेतलेली नाही. सोयाबीन विकल्यावर घेईन. तोवर काय करू?

गावात सामुदायिक प्रार्थना होत असेल तर संध्याकाळी पेटीच्या शेजारी जाऊन बसा. पेटीवाल्यांना विचारा, आज कोणती पट्टी? ते सांगतील. डोळे मिटून त्या पट्टीचा सा ओठ बंद ठेवून गुणगुणत राहा. ओळ कुठे सा वर परत येते ते गुडघ्यावर बोट टेकवून दाखवा. पंधरा दिवसांनी त्यांना पट्टी सांगू देऊ नका, तुम्ही सांगा. काळी एक म्हणालात आणि पांढरी दोन निघाली, तरी चालेल, एकाच पट्टीने चुकलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी बसा.